प्रीअ‍ॅम्पचा वेगळा अर्ज

एका रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी परळच्या 'नवप्रभात' सोसायटीच्या बावीसही मजल्यांना एकदमच कळलं, की मानसी मेस्त्रीला गाता येत नाही.

तसं ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. सोसायटीच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मानसी गेली अकरा वर्षं गात होती, आणि कान तर सगळ्यांनाच असतात. पण मनातल्या मनात ठाऊक असणं वेगळं, आणि कमरेइतक्या उंच दोन स्पीकरांमधून, खिडक्या सताड उघड्या असताना ते जाहीर होणं वेगळं. त्यातून जाहीर करणारा आवाज मानसीच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा, मीनाक्षी परुळेकरचा होता. आणि तो आवाज बावीस मजल्यांपर्यंत पोचवण्याचं काम मीनाक्षीचा नवरा हितेंद्र ह्याने केलं होतं. त्याला बिचाऱ्याला फक्त एक भावगीत ऐकायचं होतं.

झालं होतं असं, की हितेंद्रच्या विमा कंपनीतला सहकारी दौलत कारखानीस मोठं घर सोडून लहान घरात चालला होता. त्याच्याकडे एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, अठ्ठावीस किलोचा, काळा कुळकुळीत, आणि त्याला शोभतील असे दोन स्पीकर. दौलतच्या बायकोने सांगितलं होतं की नव्या घरात एक तर मी तरी येईन नाहीतर हे धूड तरी. दौलतने दोन दिवस विचार केला आणि धूड हितेंद्रला देऊन टाकलं. टेम्पोत चढवताना तो सहज म्हणाला, "प्रीअ‍ॅम्प काय, तुझा तू बघशीलच."

प्रीअ‍ॅम्प म्हणजे काय हे हितेंद्रला माहीत नव्हतं. पण वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, सहायक व्यवस्थापक झालेल्या माणसाने, टेम्पोवाला ऐकत असताना 'म्हणजे काय?' असं विचारायचं कसं? "हो हो, ते काय, बघतो की," असं तो म्हणाला. आणि इतक्या आत्मविश्वासाने म्हणाला, की टेम्पोवाल्यालाही वाटलं साहेबांकडे दोन-चार पडलेले असतील.

रविवारी सकाळी मीनाक्षी न्हायला गेल्याचं बघून हितेंद्रने जोडणी सुरू केली. मदतीला शेजारच्या दाराचे तात्या आले. तात्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळ मालवणकडचे. वायर दिसली की त्यांचा हात तिच्याकडे आपसूक जातो, आणि त्यानंतर ती वायर पूर्वीसारखी राहत नाही.

पहिली अडचण फोनची. हितेंद्रच्या नव्या फोनला वायर खुपसायचं गोल भोकच नव्हतं. मीनाक्षीच्या जुन्या फोनला ते होतं, आणि ती तो नुकताच उघडा ठेवून न्हायला गेली होती. हितेंद्रने भावगीत स्वतःच्या फोनवरून तिच्या फोनवर पाठवलं, तिच्या फोनला वायर जोडली, आणि गाणं सुरू केलं. निदान त्याला तसं वाटलं. चष्मा डोक्यावर होता. पडद्यावर नवऱ्याच्या नावाखालीच मीनाक्षीच्या बहिणीचं, गिरगावातल्या आकांक्षाचं नाव होतं, आणि तिला आदल्या दिवशी पाठवलेला एक बोलका निरोप, म्हणजे व्हॉइस मेसेज, तिथे बोटाची वाट बघत बसला होता. बोट नेमकं तिथेच पडलं.

आवाज काही येईना. हितेंद्रने फोनचा आवाज वाढवला. तरी येईना. त्याने तो शेवटपर्यंत नेला. तात्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पालथे पडून शोध घेत होते.

"हितेंद्रा, हयसर पाठीमागे एक बटण आसा रे. दाबू?"

"दाबा."

तात्यांनी दाबलं.

"...मनाने सोन्यासारखी गं, पण गळा!" मीनाक्षीचा आवाज असा काही फुटला, की समोरच्या काचेच्या ऑफिसच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "आपली लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकते ना, तशी मानसी वरच्या सा वर अडकते बघ. वर जात नाही, खाली येत नाही, आणि आत माणसं गुदमरतात!"

"कान पीळ त्याचो!" तात्या ओरडले. "हितेंद्रा, कान पीळ!"

आवाजाचा खुंटा शोधत हितेंद्रने अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावरून हात फिरवला. गुळगुळीत काळा पत्रा. वरून फिरवला, खालून फिरवला. "तात्या, ह्याला कानच नाहीये!"

"आणि राजेशभावजी टाळ्या कधी वाजवतात माहितेय? गाणं संपलं म्हणून नाही गं. संपावं म्हणून!"

राजेश मेस्त्री म्हणजे मानसीचा नवरा, आणि सोसायटीचा सेक्रेटरी. दोघं बरोबर खालच्या मजल्यावर, तेराव्यावर राहायचे. हितेंद्रने फोन बंद करायचा प्रयत्न केला, पण पडदा काळा झाला होता आणि तो उघडायला मीनाक्षीचं बोट हवं होतं. बोट न्हाणीघरात होतं. त्याने वायर उपटली, तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची अर्धीच निघाली. उजवा स्पीकर गप्प झाला आणि डावा एकटाच दुप्पट जिवावर बोलू लागल्यासारखा वाटला. तात्यांनी भिंतीतला प्लग ओढला. फ्रिज बंद झाला.

"दरवर्षी मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावते. डॉक्टर म्हणतात मानेला पट्टा लावा, कशाने दुखते? आता त्यांना काय सांगू, शास्त्रीय संगीताने?"

एवढ्यात न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. डोक्याला टॉवेल, कानाला साबण, अंगावर घाईत उलटा चढवलेला गाऊन, अशी मीनाक्षी बाहेर आली आणि तिने फोनमधून वायर खेचून काढली.

शांतता पसरली. अशी शांतता परळमध्ये गिरण्या बंद झाल्या तेव्हाही पसरली नसेल. मग खालच्या मजल्यावरची एक खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी, स्वयंपाकघरातली.

मीनाक्षीने अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलं. "ह्याला आवाज कमी करायचं बटण नाही?"

"ते प्रीअ‍ॅम्पला असतं," हितेंद्र म्हणाला. हे ज्ञान त्याला त्याच क्षणी झालं होतं.

"मग तो कुठाय?"

"तो आपला आपण बघायचा असतो."

मीनाक्षी तशीच केस पुसत खाली गेली. मानसीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. "मानसी, अगं ऐक तरी..." एवढं मीनाक्षीचं बोलून झालं, आणि फटीतून उत्तर आलं, "माझी लिफ्ट अडकलीय. आत माणसं गुदमरतायत. नंतर ये." दार लागलं.

दोघींची लग्नं एका वर्षातली. इथे टॉवर उठायच्या आधी जी चाळ होती तिच्या एकाच गॅलरीत दोघींनी पापड वाळवले होते. चाळ पाडली तेव्हा राजेश आणि हितेंद्रने बिल्डरच्या ऑफिसात जाऊन भांडून वरखालचे फ्लॅट मागून घेतले होते, कारण बायकांनी तशी अट घातली होती. रोज संध्याकाळी सहाला दोघी भाजीला निघायच्या आणि आठला परत यायच्या. भाजी बहुतेक वेळा एकच जुडी असायची. त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता मीनाक्षी पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी राहिली. लिफ्ट तेराव्यावर थांबली, दार उघडलं, मानसीने आत मीनाक्षीला बघितलं, आणि ती जिन्याने गेली. तेरा मजले.

सोमवारी सकाळी दारावर नोटीस होती. राजेश आणि हितेंद्र बालवाडीपासूनचे दोस्त. राजेशने जन्मात त्याला 'हित्या'शिवाय हाक मारली नव्हती. नोटिशीवर मात्र लिहिलं होतं: 'श्री. हितेंद्र परुळेकर, सदनिका क्र. १४०३, यांस.' ते 'श्री.' हितेंद्रला फार लागलं. मजकूर असा, की सदनिकेत ध्वनिवर्धक यंत्र बसवण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी आवश्यक असून आपण ती घेतल्याचे दिसून येत नाही. सोबत अर्जाचा नमुना. तो राजेशने खास ह्या प्रसंगासाठी घडवला होता. त्यात एक रकाना होता, 'यंत्र आवाज करते काय?' आणि त्याच्याखाली, 'करीत असल्यास, का?'

हितेंद्र अर्ज भरून सोसायटीच्या ऑफिसात गेला. राजेशने तो दोनदा वाचला.

"यंत्र आणण्यापूर्वी परवानगी घ्यायची असते, मिस्टर परुळेकर. तुमचं यंत्र आलेलं आहे. आता पूर्वपरवानगी देता येणार नाही. आणि नंतरच्या परवानगीची आपल्या नियमांत तरतूद नाही."

"मग काय करू? खाली नेऊन परत वर आणू?" हितेंद्र चिडून म्हणाला.

राजेशने क्षणभर छताकडे बघितलं. "तसं करता येईल."

आणि तसं केलं. हितेंद्र आणि तात्यांनी अठ्ठावीस किलोचा तो ऐवज सामानाच्या ढकलगाडीवर घालून गेटबाहेर नेला, फुटपाथवर पंधरा मिनिटं उभा केला, वॉचमनने वहीत 'जावक' लिहिलं, मग 'आवक' लिहिलं, आणि यंत्र कायदेशीर होऊन चौदाव्या मजल्यावर परतलं. त्या पंधरा मिनिटांत तीन जणांनी हितेंद्रला विचारलं, "काय, विकायचाय का?" आणि सहा जणांनी विचारलं, "त्या दिवशीचा तो हाच का?"

आता प्रश्न राहिला प्रीअ‍ॅम्पचा. मीनाक्षीने स्पष्ट सांगितलं होतं, की त्या खोक्याला आवाज कमी करायची सोय होत नाही तोवर ह्या घरात त्याचं बटण कोणी दाबायचं नाही. ती हल्ली एवढंच बोलायची.

पहिला सल्ला तात्यांचा. "वेगळोच हवो," ते म्हणाले. "आमच्या खात्यात सुद्धा ट्रंक कॉलला वाटेत एक मशीन असायचं. आवाज आधी तयार करायचा, मग पुढे ढकलायचा. कच्चो माल एकदम भट्टीत टाकूचो नाय." हे हितेंद्रला पटलं. मग त्याला आठवलं, की तात्यांच्या खात्यातून लावलेला ट्रंक कॉल सुद्धा कधी नीट ऐकू आला नव्हता.

दुसरा सल्ला लालबागच्या कुशाबाचा. कुशाबा गणपतीत मंडळांना साउंड पुरवतो. मसाल्याच्या गल्लीत त्याचं गोडाऊन आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या स्पीकरांना गरम मसाल्याचा वास येतो. हितेंद्रने तिथे तीनदा शिंकून आपली अडचण सांगितली.

"प्रीअ‍ॅम्प म्हणजे फालतूगिरी साहेब," कुशाबा म्हणाला. "मिक्सर लावा. बारा चॅनेलवाला देतो."

"अहो, मला एका वेळी एकच गाणं ऐकायचंय."

"मग अकरा मोकळे ठेवा. पाहुणेबिहुणे आले तर?" मग तो जरा विचारात पडला. "तसं बघायला गेलं तर तुमच्या फोनलाच आवाज कमी करायचं बटण असतंय ना? तेच दाबायचं. मध्ये काय पायजेच कशाला?"

हे खरं होतं. अगदीच खरं होतं. पण ज्या गोष्टीवरून बायकोने अबोला धरला, मित्र 'मिस्टर' म्हणू लागला, ती गोष्ट फोनच्या कडेच्या बटणाने मिटत होती, हे कबूल करायचं कोणत्या तोंडाने? "त्याने क्वालिटी जाते," असं तो म्हणाला. हे वाक्य त्याने नुकतंच इंटरनेटवर वाचलं होतं आणि ते कुठेतरी वापरायला मिळाल्याचं त्याला समाधान वाटलं.

तिसरा सल्ला लॅमिंग्टन रोडचा. तिथे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ध्रुव नावाच्या तिशीतल्या माणसाचं उंची ध्वनियंत्रांचं दुकान होतं. दुकानात बूट काढून जावं लागायचं आणि हळू बोलावं लागायचं.

"सर, तुमच्याकडे प्रीअ‍ॅम्प नाही?" ध्रुवने विचारलं. एखाद्या डॉक्टरने 'तुमच्याकडे मूत्रपिंड नाही?' असं विचारावं, तसा सूर. "मग इतकी वर्षं तुम्ही ऐकत काय होतात?"

"बातम्या," हितेंद्र म्हणाला.

ध्रुवने त्याला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सारंगी लावली. "हे प्रीअ‍ॅम्पशिवाय." मग थोडा वेळ खुडबुड झाली. "आणि हे प्रीअ‍ॅम्पसकट. फरक जाणवला?"

"प्रचंड!" हितेंद्र डोळे मिटूनच म्हणाला. "आता सारंगीवाला समोर बसल्यासारखा वाटतोय. मघाशी तो, म्हणजे, जरा बाजूला होता."

"सर, सॉरी, वायर माझ्या हातातच राहिली. आता लावतो."

ह्यानंतर दुकानातून हात हलवत बाहेर पडणं हितेंद्रला शक्यच नव्हतं. त्याने एक वापरलेला पण देखणा प्रीअ‍ॅम्प घेतला. रुपेरी चेहरा, मधोमध एकच मोठा गोल खुंटा, आणि तो फिरवला की लोण्यातून सुरी जावी तसा फिरायचा.

टॅक्सी सोसायटीपाशी थांबली आणि वॉचमनने गेट अडवलं. "सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, परुळेकरांकडे काही वाजणारं आलं तर थांबवायचं."

"हे वाजत नाही," हितेंद्र म्हणाला. "हे आवाज कमी करतं."

हेच त्याने राजेशलाही सांगितलं, आणि तिथेच फसला.

"कमी करतं तर त्याला अ‍ॅम्प्लिफायर का म्हणतात?" राजेशने विचारलं. "आणि तुमचा अर्ज एका अ‍ॅम्प्लिफायरचा आहे. हा दुसरा. हा पहिल्याचाच भाग धरायचा, की वेगळा?"

"वेगळा. म्हणजे असतो तोही आतच काही यंत्रांत, पण माझ्यात नाहीये. म्हणजे माझ्या यंत्रात."

"मग वेगळा अर्ज. आणि मुळात वेगळा लागतो का, हे कमिटी ठरवेल."

तोवर प्रीअ‍ॅम्प सोसायटीच्या ऑफिसात, तुटका कॅरम आणि गेल्या वर्षीच्या मखराशेजारी, कुलुपात ठेवण्यात आला. हितेंद्र रोज ऑफिसातून येताना खिडकीच्या गजांतून त्याच्याकडे बघून मगच वर जायचा. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्यावर पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा त्याला जेवण गेलं नाही.

कमिटीची सभा दीड तास चालली. घरगुती ध्वनियंत्रणेला स्वतंत्र प्रीअ‍ॅम्प्लिफायर आवश्यक आहे किंवा कसे, हा विषय. सतराव्या मजल्यावरच्यांचं म्हणणं पडलं, की लागत नसणार, कारण त्यांच्याकडे नाहीये. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, लागत असेल तर सगळ्यांनाच द्या. एका सभासदाने सूचना मांडली, की यंत्र नको, परुळेकर वहिनींच्या निरोपाचा उरलेला भाग तेवढा ऐकवा, तो अर्धाच राहिला. राजेशने ती सूचना नियमबाह्य ठरवली, पण ठरवताना त्याचे कान लाल झाले. शेवटी पाहणीसाठी एक-सदस्य उपसमिती नेमली. सदस्य: तात्या. तात्या चौदाव्या मजल्यावर आले, ज्या अ‍ॅम्प्लिफायरमागे ते स्वतः पालथे पडले होते त्याची त्यांनी परक्यासारखी पाहणी केली, चहा प्याले, आणि अहवाल दिला, 'वेगळो हवो.'

त्या रविवारनंतर वीस दिवसांनी, पाडव्याला चार दिवस असताना, एका शनिवारी दुपारी प्रीअ‍ॅम्प वर आला. हितेंद्रने आता चष्मा नाकावर ठेवून, नव्या फोनला चालणारी ध्रुवकडची वायर घेऊन जोडणी केली, फोन कोणाचा आहे हे तीनदा बघितलं आणि ते भावगीत लावलं. खुंटा पावभर फिरवला. गाण्याआधी एक बारीक घोंघों ऐकू आली, भिंतीत कोणीतरी माशी विसरल्यासारखी. त्यामागून गाणं आलं, हळुवार, गोड, अगदी बेताचं.

"आलं बघ," तो मीनाक्षीला म्हणाला. "ऐक ना. ये, बस."

मीनाक्षी खिडकीत उभी होती. "छान आहे," ती गाणं न ऐकताच म्हणाली. "ह्या वर्षी कार्यक्रमाच्या यादीत तिचं नाव नाहीये. तिने काढायला लावलं."

हितेंद्रने खुंटा थोडा वाढवला, थोडा कमी केला. आवाज सांगितल्याप्रमाणे वाढत होता, कमी होत होता. कुठेही ठेवला तरी घर रिकामंच वाटत होतं. त्याने गाणं बंद केलं.

आणि बेल वाजली. दारात मानसी उभी होती. हातात फोन, चेहरा रागाने की कशाने तांबूस, आणि मागे दोन पावलांवर राजेश, खिशात हात घालून भिंतीकडे बघत.

"बोलायला आलेली नाहीये," मानसी मीनाक्षीला म्हणाली. "वीस दिवस मी एकटी भाजी आणतेय. मला मेथी निवडून घेता येत नाही, तुला माहितेय. घरात सगळी दांड्यांची भाजी चाललीय."

"मानसी, मी..."

"थांब. मी काय फार साधीसुधी नाहीये. तुझ्याबद्दल मीपण बोललेय. घोडपदेवच्या नणंदेला. आहे इथे अजून." तिने फोन पुढे केला. "तुझं बावीस मजल्यांनी ऐकलं. माझंपण ऐकू देत. फिट्टंफाट. हितेंद्रभावजी, लावा."

हितेंद्रने फोन घेतला, प्रीअ‍ॅम्पला जोडला, आणि यजमानाच्या अदबीने विचारलं, "किती ठेवू?"

"त्या दिवशी जेवढा होता तेवढा."

त्याने खुंटा अर्ध्यावर आणला. मानसीने नाही अशी मान हलवली. पाऊण. तिथे घोंघोंच इतकी वाढली, की माशीची गांधीलमाशी झाली आणि मध्ये काही ऐकू येईना.

"हे काय मध्येच गुणगुणतंय?" मानसीने रुपेरी खोक्याकडे बोट केलं. "ते काढा मधनं."

हितेंद्रने राजेशकडे बघितलं. राजेशने खाकरून घसा साफ केला. तोंडून काहीतरी नियमासारखं निघणार होतं, पण मानसी वळली. "पूर्वपरवानगी लागेल का ह्याला?"

"तोंडी चालेल," राजेश म्हणाला.

आणि दोन अर्ज, एक सभा आणि एका उपसमितीतून पार पडून आलेला तो प्रीअ‍ॅम्प हितेंद्रने स्वतःच्या हाताने बाजूला काढला. फोन थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. मानसीने फोनचा आवाज शेवटपर्यंत नेला, खिडकी पूर्ण उघडली, आणि बोट टेकवलं.

"मीनाक्षीची सोलकढी ना?" मानसीचा आवाज परळच्या आसमंतात घुमला. "रंग गुलाबी गं, चवपण गुलाबीच! जिभेला कळतच नाही आपण काही प्यायलो. आणि घावणे! दर गणपतीत पाठवते. मागच्या वर्षीचं एक आम्ही दाराखाली सारलंय, वाऱ्याने आपटायचं बंद झालंय!"

खाली नवव्या मजल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. मीनाक्षीचं तोंड उघडं राहिलं होतं. राजेश छताचं निरीक्षण करत होता.

"आणि तिचा तो हितेंद्र! अगं, बल्ब बदलायला गेला तर अख्ख्या मजल्याची लाईट घालवली. एकदा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून तो फक्त उलटा फिरतो, चटणीतलं खोबरं पुन्हा वाटीत येतं! देवाने त्याच्या हातात कधी मोठं मशीन देऊ नये!"

हितेंद्र अठ्ठावीस किलोच्या मशीनला टेकून उभा होता. तो सावकाश बाजूला झाला.

मीनाक्षी आधी फसकन हसली, मग तोंडावर पदर धरून हसली, मग सोफ्यावर बसून हसली. मानसीही हसू लागली. आणि हसता हसता एकदम तिचा चेहरा पालटला. "अगं बाई. बंद करा. भावजी, बंद करा! पुढे मी चांगलं बोललेय!"

तिने फोनकडे झेप घेतली. मीनाक्षीने तिचे दोन्ही हात पकडले. "आता तर ऐकणारच!"

"सोड! अगं सगळे ऐकतील!"

"...पण एक सांगू?" स्पीकरमधून आवाज आलाच. "माझं गाणं सुरू झालं ना, की सगळे मोबाईल काढतात. आमचे हेसुद्धा. ही एकटी बाई पहिल्या रांगेत बसून मान हलवते. खोटी हलवते गं, मला वरून दिसतं ना. पण अकरा वर्षं पहिल्या रांगेत बसून खोटी मान हलवायलासुद्धा कोणीतरी लागतं. मी तेवढ्यासाठीच गाते."

निरोप संपला. ह्या वेळी एकही खिडकी लागली नाही. दोघी एकमेकींचे हात धरून तशाच उभ्या होत्या, जणू सोडायचं कोणी आधी हे ठरत नव्हतं. मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, पाडव्याला गायचंच हां!" आणि दुसरं कोणीतरी, बहुधा तात्या, "घावणे हयसरपण पाठवा, आमचो पण दरवाजो आपटता!"

"हित्या," राजेश म्हणाला, "चहा टाक."

हितेंद्रने चहा टाकला. चहा घेऊन तो बाहेर आला तेव्हा दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि वीस दिवसांचं बोलणं एकदम सुरू झालं होतं. मेथीवाल्याची मुलगी, घोडपदेवची नणंद, सतराव्या मजल्याचं नवं कपाट, मानेचा पट्टा. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय हे कळायला मार्ग नव्हता, कारण दोघी एकाच वेळी दोन्ही करत होत्या. राजेशने खुर्ची ओढली आणि रुपेरी खोकं उचलून मांडीवर घेतलं.

"हे लागतं का रे खरंच?"

"बघच आता," हितेंद्र म्हणाला. त्याने प्रीअ‍ॅम्प पुन्हा जोडला, वायरी नीट बसवल्या, स्वतःचं भावगीत लावलं आणि खुंटा अगदी बोटभर फिरवला. गाणं आलं. घोंघोंही नव्हती, कुठली तरी वायर आधी नीट बसली नसावी. पहिल्या ओळीला राजेशने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला हितेंद्रला वाटलं, सारंगीवाला खरंच समोर बसलाय, जराही बाजूला नाही.

"अहो," सोफ्यावरून दोघी एकदम म्हणाल्या, "हळू करा ना जरा! आम्हाला एकमेकींचं ऐकू येत नाहीये."

हितेंद्रने खुंटा उलटा फिरवला. लोण्यासारखा फिरला. गाणं हळू झालं, आणखी हळू झालं, कुजबुजीइतकं झालं आणि अलगद नाहीसं झालं, कुठे धक्का नाही, कुठे खरखर नाही. त्याने समाधानाने राजेशकडे बघितलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "वेगळा लागतोच."